अर्ध्या गुंठ्याचा डोस

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर पेडगावच्या शेतात हराळीशी झगडा केला, आणि म्हातारपणी मी त्यांना परभणीला आणून हराळीचीच राखण करायला बसवलं. हे वेळेवर कळलं असतं तर मी घरासमोर लॉन न करता सरळ फरशी टाकली असती. पण कुणालाच कळलं नाही, आणि ज्यांना पहिल्या दिवशी शंका आली होती त्यांना आम्ही बोलू दिलं नाही.

सासूबाई गेल्या तेव्हापासून आबा गावातल्या घरात एकटेच राहायचे. धाकटे दीर आणि जाऊ शेतातल्या घरात, आखाड्यावर राहतात, ते डबा पाठवायचे. एकदा मी न कळवता गेले तर आबा भिंतीला टेकून शेंगदाणे खात बसलेले. डबा तसाच बंद. मी विचारलं, "आबा, जेवलात का?" तर म्हणाले, "हाव, लय जेवलो." त्याच दिवशी मी त्यांचे कपडे पिशवीत भरले आणि त्यांना गाडीत बसवलं. ते नको नको म्हणत होते, पण मी शाळेत सातवीची पोरं हाकते, एक म्हातारा काय जड आहे.

परभणीत मात्र त्यांना करायला काही काम नव्हतं. सकाळी गेट उघडायचं, रस्ता बघायचा, गेट लावायचं. दुपारी तेच, उलट्या क्रमानं. मधूनच ती कापडी पिशवी खुंटीवरून निघायची, तिच्यात धोतर आणि तंबाखूची डबी जायची आणि "जरा गावाकडं जाऊन येतो" सुरू व्हायचं. गेले की परत येणार नाहीत हे मला माहीत होतं. मला तो माणूस घरात हवा होता, सरळ सांगते. सख्ख्या बापाशी माझं इतकं जमलं नाही, पालमच्या माहेरी मी दोन दिवसांच्या वर टिकत नाही. आबांशी भांडण केल्याशिवाय मात्र मला चहा गोड लागत नव्हता.

अशात पोरीचं लग्न जमलं. मुलाकडचे ताडकळसचे, शेतीवाडीवाले, मुलगा नोकरीला. साखरपुडा आमच्याकडं करायचा ठरला. आमच्या ह्यांनी कार्यालयांचे भाव काढायला सुरुवात केली तर पोरगी म्हणाली, "कार्यालय-बिर्यालय काही नको. आपल्या घरासमोर लॉन आहे, तिथंच करायचं. आबांना जिने चढायला नकोत, आबा पहिल्या खुर्चीवर पाहिजेत."

आबांनी ते ऐकलं. उठले, बाहेर गेले, लॉनला एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "लॉनची जबाबदारी माझी. कुनी मधी पडायचं न्हाई."

"आणि जमलं न्हाई तर?" ह्यांनी उगीच डिवचलं. ह्या माणसाला गप्प बसायचं कधी जमलं नाही.

"तर ही पिशवी उचलतो अन् जातो. फुकटची भाकर किती दिवस खावी मानसानं?"

सगळे हसले, आबाही हसले. मी हसले नाही, कारण आबा अशा गोष्टी मजेत बोलत नाहीत.

आता लॉनबद्दल सांगते. लॉन म्हणजे गेटपासून ओसरीपर्यंतचा हिरवा तुकडा, एका कोपऱ्यात तुळस आणि दुसऱ्या कोपऱ्यात सेफ्टी टँकचं झाकण. आबांनी पहिल्यांदा बघितला तेव्हा विचारलं होतं, "आमच्या बैलजोडीला वळायला लागती तितकी जागा हाय ही. अन् हिच्यात हराळी कामून लावली?"

"आबा, हराळी न्हाई ती," हे म्हणाले. "विलायती जात हाय. नर्सरीतून चौरस फुटावर विकत आनली."

"विकत?"

"विकत."

पैसे मोजून आणलेली वस्तू हराळी असू शकत नाही, हे आबांनाही पटलं. नुसतं पटलं नाही, चढलं. दारावर येणाऱ्या दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत प्रत्येकाला ते बजावायचे, "चपला तिकडं काढा. विलायती गवत हाय." आमच्या घरी येणारी माणसं पायांच्या चवड्यांवर चालायला लागली.

जबाबदारी घेतल्यावर आबांनी दोन निर्णय जाहीर केले. एक, गवत फिक्कं पडलंय, त्याला युरिया पाहिजे. दुसरा, त्यात घोळ, तांदुळजा आणि केना अशी रानभाजीची तणं माजायलीत, त्यांच्यावर औषध मारायचं. दोन्ही निर्णय शहाण्या माणसाचे होते. पुढचा सगळा गोंधळ किती टाकायचं ह्यावरून झाला.

आधी हे युरिया आणायला गेले. दुकानदार म्हणाला, सुट्टा देत नाही, गोणी घ्या, आधार आणा, मशीनवर अंगठा लावा. ह्यांना अर्धा किलो पाहिजे होता. मागं रांगेत उभे असलेले शेतकरी विचारायला लागले, कुठं शेत, किती एकर, कोणतं पीक. हे म्हणाले, लॉन. तेव्हा त्या लोकांनी ह्यांच्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर हे घरी येऊन दिवसभर सांगत होते. शेवटी दिरांना फोन केला. ते मोटारसायकलवर येऊन एक पत्र्याचा डबा भरून युरिया, पाठीवरचा फवारणी पंप आणि सोयाबीनला मारून उरलेली तणनाशकाची बाटली देऊन गेले. जाताना गाडीवरूनच म्हणाले, "एक नंबर औषध हाय. पिकाला धक्का न्हाई, तण तेवढं जातंय."

आबांनी मान डोलावली. त्यांनी स्वतः कितीतरी हंगाम तेच औषध सोयाबीनवर मारलेलं. पीक जागेवर, तण साफ. आता लॉन हे पीक, बाकीचं तण. ह्यात शंका घेण्यासारखं काय होतं?

युरियाचा हिशोब मी मांडला. एकराला एक गोणी, एकराचे गुंठे चाळीस, आमचं लॉन अर्धा गुंठा. म्हणजे गोणीचा ऐंशीवा भाग, अर्धा किलोच्या जरा वर. सातवीच्या त्रैराशिकाचं गणित आहे, माझा मागच्या बाकावरचा पोरगासुद्धा करील. पण आमच्या घरात ते कुणाला मान्य नव्हतं. ह्यांचं म्हणणं, "थोडं जास्त टाक, उरवून काय करायचंय?" हा माणूस चहात साखर, भिंतीत सिमेंट आणि भांडणात शब्द, सगळं जास्तच टाकतो. आबांचं म्हणणं वेगळंच. ते म्हणाले, "बाई, खत काय तोलून टाकत्यात का? हाताला कळतंय."

मी किराणा दुकानात डबा घेऊन गेले तर त्यानं साखरेच्या काट्यावर युरिया ठेवू दिला नाही. शेवटी रद्दीवाल्याला थांबवून त्याच्या तागडीत मोजला. मोजलेला युरिया टोपल्यात घेऊन आबा लॉनच्या कडेला उभे राहिले. धोतराचा सोगा खोचला, मूठ भरली आणि पाऊल टाकताना हात असा फिरवला, की मी बघतच राहिले. किती दिवसांनी त्या माणसाचे खांदे सरळ झालेले बघितले मी.

फक्त त्यांचा हात एकराचा होता. अर्ध्या गुंठ्याचा हात त्यांच्याकडं नव्हताच. पहिली मूठ लॉन ओलांडून, भिंत ओलांडून शेजारच्या साहेबांच्या अंगणात गेली. साहेब निवृत्त अधिकारी, सकाळी खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले. पेपरवर, टकलावर आणि नुकत्याच धुतलेल्या स्कूटरवर युरिया तडतडला. साहेबांनी आधी आभाळाकडं बघितलं. मग भिंतीवरून डोकावले तर आबा दुसरी मूठ भरून तयार.

"वाऱ्यानं गेला जरासक," आबा म्हणाले. वारा अजिबात नव्हता.

पुढचा युरिया मी त्यांच्यासमोर उलटं उलटं चालत, पदर पसरून अडवला. लॉनपेक्षा माझ्या साडीलाच जास्त खत मिळालं असणार.

तणनाशकाच्या वेळी मात्र खरी जुंपली. बाटलीवर लिहिलेलं, एकराला चारशे मिली. ऐंशीनं भागलं की पाच मिली. मी आकडा सांगितला तर आबा माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"पाच मिली म्हंजी कित्तं?"

"खोकल्याच्या औषधाचं एक झाकण," हे म्हणाले आणि लागलीच फळीवरून ते झाकण काढायला निघाले. मी ते हातातून हिसकावलं. त्या दिवशी ह्यांना मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मेडिकलमधून सिरिंज आणली. आबा म्हणाले, "गवताला औषध मारायचं हाय का सुई टोचायची हाय?" मी म्हटलं, काहीही समजा, पण पाचाच्या वर जायचं नाही. मग पाण्यावरून वाद. मी सांगितलं, अडीच लिटर. आबांना ते ऐकवेना. त्यांच्या हिशोबात औषध पंपावर चालतं. पंप भरायचा, औषध टाकायचं, पाठीवर घ्यायचं, संपला की परत भरायचा. अडीच लिटर म्हणजे पंपाचं बूडसुद्धा झाकत नाही.

"जिंदगीत कधी अर्धा पंप मारला न्हाई मी," ते म्हणाले. "गावात कुनी बघितलं तर इज्जत जाईल."

"इथं गाव न्हाई, आबा. इथं साहेब आहेत, अन् ते खुर्ची घेऊन आत गेलेत."

"पूर्ण पंप मारू दे की आबांना," हे मधेच. "डबल डोस बसला तर तण पुन्हा डोकं वर काढायचं न्हाई."

मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, पाच मिली आणि अडीच लिटर, नाहीतर मी स्वतः पंप उचलून दिरांकडं पोचवून येते. तेव्हा कुठं आबा नमले. मी त्यांच्या नाकातोंडाला दस्ती बांधली, हातात मोजे घातले. पंपाच्या तळाशी पाणी खुळखुळ करत ते चार पावलं गेले, चार पावलं आले आणि औषध संपलं. आबा नळी हातात धरून तिथंच उभे.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"हे काय मारनं हाय," म्हणाले आणि पंप उतरवताना इतके हिरमुसले, की मला त्यांना अजून एक लिटर द्यावंसं वाटलं. दिलं नाही.

आठवडा झाला नसेल, लॉनवर पिवळी झाक आली. पोरगी म्हणाली, "नवरीच्या आधी लॉनलाच हळद लागली." आम्ही म्हटलं उन्हानं असेल. आबा रोज पाणी द्यायचे. मग एक दिवस ते उकिडवे बसले आणि त्यांनी सोयाबीनच्या शेतात करतात ते केलं. औषध लागलं की नाही ते बघायला तणाचा मधला पोंगा धरून हलकेच ओढतात. पोंगा अलगद हातात आला, बुडाशी कुजलेला असला, की समजायचं औषध लागलं. आबांनी ओढला, पोंगा सटकन सुटला. त्यांनी तो नाकाशी नेला, चोळला आणि खूश होऊन मला हाक मारली.

"बाई, लागलं बरं का औषध. एकदम बराबर लागलं."

मी चहाचा कप घेऊन बाहेर आले. आबा हातातला पोंगा बघत होते. मग लॉनकडं बघितलं. मग शेजारी तरारून उभ्या असलेल्या घोळीकडं, तांदुळज्याकडं, केन्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा उतरत गेला तो मला बघवेना.

"ही हराळीच हाय," ते हळूच म्हणाले. "अन् हे औषध गवताच्याच जातीला मारतंय, रुंद पानाला न्हाई. मला ठाऊक होतं की गं."

ठाऊक सगळ्यांनाच होतं. बाटली हातात होती, गवत पायाखाली होतं. आम्ही किती टाकायचं ह्यावर इतके भांडलो, की कशावर टाकतोय हे विचारायला कुणाला सवडच मिळाली नाही. हे चिडून म्हणाले, नर्सरीवाल्याला बघतो. मी म्हटलं, आधी आरशात बघा.

त्या दिवसापासून आबा जेवायला बसायचे आणि अर्ध्यात उठायचे. लॉनकडं पाठ करून बसायचे. खुंटीवरची पिशवी खाली आली आणि त्यांच्या पलंगापाशी भिंतीला टेकून राहिली. मी दोनदा ती परत खुंटीला लावली, दोनदा ती खाली आली. पोरीनं सांगून बघितलं, "आबा, मला काही वाटत न्हाई." ते म्हणाले, "तुला न्हाई वाटत, माय. मला वाटतंय."

इकडं गवत वाळलं तसा तणाला रान मोकळं मिळालं. सगळा युरिया आता त्यांचाच. मीच तागडीत मोजलेला, भिंतीपलीकडं आणि माझ्या साडीत गेला तेवढा सोडला तर एक कण वाया न गेलेला. घोळीची पानं अशी मांसल झाली, की बाजारात तशी कधी बघितली नाहीत. तांदुळजा गुडघ्याला आला, केन्याला निळी फुलं आली. उपटायचं ठरवलं तर खाली नुसती पिवळी चटई उघडी पडत होती. शेवटी हे गेटपाशी जाऊन डोळे बारीक करून म्हणाले, "इथून बघितलं तर हिरवंच दिसतंय." तसंच ठेवलं. फक्त तांदुळज्याचे शेंडे कात्रीनं सारखे केले.

साखरपुड्याला ताडकळसची मंडळी आली. गेटातून येताना व्याही म्हणाले, "वा, लॉन मस्त ठेवलंय." आबा पहिल्या खुर्चीवर होते. त्यांनी फेट्याचं टोक नीट केल्यासारखं करून मान खाली घातली. ओट्या भरल्या, अंगठ्या झाल्या, सगळं सुरळीत चाललेलं. मला वाटलं, निभावलं.

जेवणं झाल्यावर बघते तर विहीणबाई लॉनच्या कडेला बसून पैठणीच्या पदरात घोळ खुडायलेल्या.

"काय हो बाई, इतकी कोवळी घोळ. आमच्या मळ्यातसुद्धा अशी न्हाई. रातच्याला डाळ घालून करते."

नवी सोयरीक, पहिला दिवस, आणि विहीण औषध मारलेली भाजी घरी न्यायली. मी म्हटलं, "राहू द्या हो, तिथं मांजर बसतं."

"दोन पान्यानं धुते."

"कुत्रंसुद्धा बसतं."

"तीन पान्यानं धुते." बाईचा हात थांबेना.

मग काय करते. "विहीणबाई, टाका ती खाली. औषध मारलंय तिच्यावर."

पदर सुटला. व्याही जवळ आले. शेतकरी माणूस, औषध म्हटल्यावर कान टवकारले. "कोनतं औषध?"

"सोयाबीनचं," हे म्हणाले. सांगितलं ना, ह्यांना गप्प बसता येत नाही.

व्याहींनी वाकून बघितलं. "घोळ हाय. तांदुळजा हाय. केना हाय." पायानं घोळ बाजूला सारली, खालची पिवळी चटई बघितली. "अन् गवत कुठंय?"

आबा खुर्चीतून उठले. मला वाटलं आत जातील, पण ते व्याहींसमोर जाऊन उभे राहिले.

"मी मारलं," आबा म्हणाले. "नातीच्या कामाची जबाबदारी मी घेतली होती. माझ्याच हातानं घालवली."

व्याही गंभीर होते. "डोस किती घेतला होता?"

"सूनबाईनं काढून दिला तितका. एकरी चारशेच्या हिशोबानं."

सगळ्या माना माझ्याकडं. गणिताची बाई. व्याहींनी वाळलेल्या लॉनवरून नजर फिरवली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"डोस एकदम बराबर हाय," ते म्हणाले, आणि मग त्यांना आवरेना. ते हसले, विहीणबाई हसल्या, आमची पोरगी नव्या अंगठीचा हात तोंडावर धरून हसली, भिंतीपलीकडून साहेबांचंही हसू ऐकू आलं. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आबा हसले नाहीत. ते आत गेले, आणि मंडळी निघाली तेव्हा हात जोडण्यापुरते बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी त्यांच्या खांद्यावर होती. पायात चपला, डोक्यावर फेटा. मी भांडायचं ठरवलं होतं, शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते, पण त्यांना बघितल्यावर एकही आठवला नाही. मी नुसतं म्हटलं, "आबा, नका जाऊ."

"येतो की दिवाळीला," ते म्हणाले आणि गेटाकडं निघाले. मी मागोमाग.

तुळशीपाशी ते थांबले. पिवळ्या चटईतून एक हिरवी सुई वर आलेली. बाजूला अजून एक. सेफ्टी टँकच्या झाकणाला लागून तर पाच-सहा. आबांनी पिशवी खाली ठेवली, गुडघ्यावर हात देऊन बसले आणि पोंगा धरून ओढला. सुटला नाही. जरा जोर लावून ओढला. तरी सुटला नाही. दुसऱ्याला हात घातला, तोही घट्ट.

"मेली न्हाई," ते म्हणाले. आवाज बदललेला. "मुळी जिती हाय खाली. हिला एकरी चारशेनं काय होतंय? हिला डबल मारावं लागतंय. त्या दिवशी भरला पंप मारला असता तर गेली असती बघ कायमची."

माझं त्रैराशिक मला तेव्हा पहिल्यांदा आवडलं.

"साठ वर्सं ह्या हराळीनं माझं रक्त खाल्लं, बाई. खनून काढली, नांगरली, जाळली. कधी म्हनून हटली न्हाई." ते हाताच्या पालथ्या बाजूनं त्या कोंबांवरून हात फिरवत होते आणि हसत होते. साखरपुड्यात राहिलेलं सगळं हसू तेव्हा आलं. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "युरिया उरलाय का गं थोडा?"

मी जिन्याखालून डबा आणून दिला आणि जाता जाता त्यांची पिशवी उचलून आत नेली. आबांनी धोतराचा सोगा खोचला, मूठ भरली. भिंतीपलीकडं साहेबांनी पेपरची घडी घातली, खुर्ची उचलली आणि मुकाट्यानं घरात गेले.